ताटाची डावी बाजू

मराठी ताटाला स्वतःचा एक भूगोल आहे. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचे अशी उतरती मांडणी. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मध्ये भात अथवा पोळी. ही मांडणी कोणी कायदा करून ठरवली नाही, परंतु पंगतीत वाढणाऱ्याचा हात ती विसरत नाही. उजव्या बाजूने पोट भरते आणि डाव्या बाजूने जेवण रुचते, असा या विभागणीचा सरळ अर्थ आहे. म्हणूनच की काय, घरात वेळेची ओढाताण सुरू झाली की पहिली कुऱ्हाड डाव्या बाजूवर पडते. वरण टाळता येत नाही, भाजी टाळता येत नाही. कोशिंबीर मात्र ‘आज राहू दे’ एवढ्या तीन शब्दांत टळते. एक दिवस टळते, आठवडाभर टळते, आणि मग सणावारापुरती उरते.

हैदराबादेतील ज्या मराठी घरांत आमचे जाणेयेणे आहे, तेथे आम्ही गेली काही वर्षे हेच पाहत आहोत. घरातील दोघेही नोकरीला जातात, मुले शिकवणीहून उशिरा येतात, आणि रात्रीच्या ताटात डावीकडे बाटलीतील लोणच्याची एक फोड तेवढी उरते. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. वेळ नाही ही तक्रार खरीच आहे. तेव्हा या महिन्याच्या सदरातून आम्ही वाचकांपुढे पंधरावीस मिनिटांत होणारी एक कोशिंबीर ठेवणार आहोत. तिच्यात कोबी आहे, गाजर आहे, फोडणी आहे, आणि नूडल्सही आहेत. शेवटचा शब्द वाचून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढतील, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी रागावण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा, एवढीच विनंती.

आमचे बहुतेक आयुष्य सरकारी शाळांत गेले. मधल्या सुट्टीत मुले काय खातात हे पाहावयाचे असेल, तर मुख्याध्यापकाच्या खोलीच्या खिडकीइतकी सोयीची जागा नाही. दुकानातून नूडल्सचे पाकीट आणायचे, ते न फोडताच दोन्ही मुठींनी चुरायचे, मग एक कोपरा फाडून आतील मसाल्याची पुडी त्यात रिती करायची, पाकीट खुळखुळ्यासारखे हलवायचे आणि तो कोरडा चुरा चौघांत वाटून खायचा. हा प्रकार कोणी कोणाला शिकवला, हे शोधणे व्यर्थ आहे. गोट्या आणि विटीदांडू जसे एका पिढीकडून दुसरीकडे गेले, तसाच तोही गेला असावा. पोषणाच्या दृष्टीने हे खाणे निकस आहे, यात शंका नाही. त्यात मैदा, तेल आणि भरपूर मीठ यांपलीकडे फारसे काही नाही. तथापि, पोरांना त्यातून दोन गोष्टी अचूक कळल्या होत्या. एक, या नूडल्स कच्च्या नसतात. आणि दोन, खरी मौज चवीपेक्षा कुरकुरीतपणात असते.

पहिली गोष्ट शास्त्राला धरून आहे. पाकिटातील झटपट नूडल्स मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी १९५८ साली जपानातील ओसाकाजवळच्या इकेदा गावी प्रथम तयार केल्या. युद्धोत्तर टंचाईचे दिवस त्यांनी पाहिले होते. टिकाऊ आणि चटकन तयार होणारे अन्न लोकांना मिळावे, ही त्यांची तळमळ होती. मैद्याच्या शेवया आधी वाफवून शिजवायच्या आणि मग तळून त्यांतील पाणी घालवायचे, ही त्यांची युक्ती. तळताना पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. उकळते पाणी ओतले की ते या छिद्रांतून आत शिरते आणि शेवई पुन्हा मऊ होते. पाणी ओतलेच नाही, तर ती कुरकुरीत राहते. हे आंदो मूळचे तैवानात जन्मलेले. जपानात ते बाहेरून येऊन स्थायिक झाले होते. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटून राहिलेल्या आपणां वाचकांस ही गोष्ट ध्यानात ठेवावीशी वाटेल. आपल्याकडे हा पदार्थ १९८३ च्या सुमारास ‘मॅगी’ या नावाने घरोघरी पोहोचू लागला. २०१५ साली काही महिने तो दुकानांतून उठला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याच वर्षी तो परतला, आणि मधल्या सुट्टीतील चुराचुरी पूर्ववत सुरू झाली.

अमेरिकेत लोक आपापल्या घरून एकेक पदार्थ आणून सहभोजन करतात. अशा वेळी बारीक चिरलेल्या कोबीत या कोरड्या नूडल्सचा चुरा मिसळलेले एक सॅलड पुष्कळदा मांडलेले असते. कोबीच्या अशा सॅलडला तिकडे ‘कोलस्लॉ’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ कोबी आणि दुसऱ्याचा सॅलड. कोबीसाठी असलेल्या या डच शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील देठवाचक शब्दात सापडते. कोबीला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, तोही त्याच कुळातील. आणि आपला ‘कोबी’ पोर्तुगिजांकडून मराठीत आला, असे मानले जाते. म्हणजे कोलस्लॉ आणि कोबी ही नावे एकमेकांची दूरची भावंडे ठरतात. आता राहिला ‘सॅलड’. त्याच्या मुळाशी मीठवाचक लॅटिन शब्द आहे. मीठ लावून खावयाची भाजी ते सॅलड. कोशिंबिरीची याहून सोपी व्याख्या आम्हांस तरी करता येणार नाही.

आपल्याकडे कोबीच्या या प्रकारास ‘पचडी’ असेही नाव आहे, आणि या नावाने हैदराबादच्या मराठी घरांत अनेकदा विनोद घडतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेली सून शेजारच्या तेलुगू काकूंना सांगते की, आज मुळ्याची पचडी केली. काकूंच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती गोंगुऱ्याच्या पच्चडीसारखी झणझणीत, वाटून केलेली, वाटीभर भातात बोटभर कालवायची चटणी. प्रत्यक्षात वाटीत येतो किसलेला कच्चा मुळा, दही आणि दाण्याचे कूट. दोघी एकमेकींकडे पाहतात, आणि दोघींचेही बरोबर असते. तेलुगूत ‘पच्चि’ म्हणजे कच्चे; हा अर्थ मराठी पचडीने अगदी जपून ठेवलेला दिसतो. तेलुगू पच्चडीने चटणीची, लोणच्याची, उगादीच्या षड्रसांचीही वाट धरली. एकच शब्द गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन ताटांत दोन प्रकारे नांदतो आहे. आपण मात्र दोन्ही ताटांत जेवणारे. आपल्याला दोन्ही अर्थ यावयास हवेत.

आता नूडल्स परक्या म्हणून ज्यांचा आक्षेप आहे, त्यांच्याकडे वळू. परके ते सारे वगळावयाचे ठरवले, तर आपल्या नेहमीच्या कोबीच्या कोशिंबिरीत काय शिल्लक राहील? कोबी युरोपातून आला. हिरवी मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे कूट घातल्याखेरीज मराठी कोशिंबीर पुरी होत नाही. फोडणीतील हिंग इराण-अफगाणिस्तानकडचा. एवढे काढून घेतल्यावर हाती राहतात मोहरी, तीळ, लिंबू आणि मीठ. असे असूनही त्या कोशिंबिरीला कोणी पोर्तुगीज म्हणत नाही. कारण ती कशाची केली आहे यावर तिचे मराठीपण ठरत नाही, कशी केली आहे यावर ठरते. बारीक चिरणे, दाण्याच्या कुटाने अंगाबरोबर आणणे, आंबट-गोड-खारट-तिखट यांचा तोल राखणे, वरून चरचरीत फोडणी देणे आणि पानावर बसण्याच्या बेताला कालवणे, ही ती रीत. या रीतीतून जे जाईल ते आपले.

आणि शेवया तरी आपल्याला कोठे नवीन आहेत? मराठवाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना वैशाखातील अंगण आठवत असेल. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून त्याची वेटोळी पाडायची आणि कडक उन्हात वाळवायची. ही कुरडई. आधी शिजवून मग वाळवलेली शेवई, अशी तिची व्याख्या केली, तर आंदो यांच्या शोधात आणि आमच्या आजीच्या गच्चीवरील वाळवणात तत्त्वाचा भेद राहत नाही. त्यांनी पाणी तेलाने घालवले, आजीने उन्हाने. तळलेली कुरडई कोशिंबिरीवर चुरून घालणे, पापड भाजून त्याच्या चुऱ्यात कांदा, कोथिंबीर, तिखट आणि कच्चे तेल मिसळून चुरी करणे, हे प्रकार मराठवाड्यात आणि खानदेशात घरोघर होत आले आहेत. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते या घराण्यातील धाकटे अपत्य समजावे.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक मर्म सांगितले पाहिजे. ते समजले की माप थोडे इकडचे तिकडे झाले तरी चालते. या पदार्थात दोन कुरकुरीतपणा एकत्र येतात आणि ते परस्परविरोधी आहेत. कोबी करकरीत लागतो तो त्याच्या पेशींत पाणी गच्च भरलेले असते म्हणून. नूडल्स कुरकुरीत लागतात त्या त्यांच्यात पाणी नसते म्हणून. मीठ पडले की कोबीतील पाणी बाहेर येऊ लागते. ते नूडल्सना मिळाले की कोबी लुळा पडतो आणि नूडल्स मऊ होतात; एकाच घटकेला दोघांचेही नुकसान होते. म्हणून मीठ शेवटी, नूडल्स त्याहूनही शेवटी, आणि दोघांच्या अंगावर तेलाचा पातळ हात. तेलाचे आवरण असले की पाण्याची ये-जा मंदावते. आपल्या आयाबायांनी कोशिंबिरीला ‘आयत्या वेळी मीठ घाला’ असे का सांगितले, त्याचे कारणही हेच.

साहित्य चौघापाच जणांस पुरेल असे आहे. घट्ट गड्ड्याचा कोबी पाव किलो, मोठे गाजर एक, लहान ढोबळी मिरची एक, पातीचे कांदे तीन-चार, मूठभर कोथिंबीर. झटपट नूडल्सचे सुमारे ७० ग्रॅमचे एक पाकीट. शेंगदाणे दोन मोठे चमचे, पांढरे तीळ एक मोठा चमचा. एका लिंबाचा रस, साखर एक लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. फोडणीसाठी तेल दीड मोठा चमचा, मोहरी, हिंग, चिमूटभर हळद, दोन हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची एक डहाळी. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी अर्धी कैरी किसून घातल्यास उत्तम. तेलंगणात राहून कैरीच्या मोसमात लिंबू पिळणे म्हणजे गंगेच्या काठी विहीर खणणे होय.

कांद्याविषयी आम्ही मलकपेठकरांनी बोलावे, हे ओघानेच आले. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाचा सेवक मलिक याकूब याच्या नावावरून या पेठेचे नाव पडले, असे सांगतात. बाहेरगावचे लोक या पेठेला ओळखतात ते १८८६ पासून येथे असलेल्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानामुळे. परंतु येथील गृहिणीला विचाराल तर ती ओळख सांगेल कांद्याची. महबूब मॅन्शन या निजामी वाड्याच्या आवारातील घाऊक बाजारात महाराष्ट्रातून आणि कर्नुलाकडून कांद्याच्या गाड्या येत, सुक्या मिरचीच्या पोत्यांपाशी नाकाला पदर लावून चालावे लागे, आणि त्या बाजाराच्या आसपास हातगाड्यांवर ‘उल्लिगड्डा’ अशी आरोळी ऐकत आमच्या पेठेतील मुले लहानाची मोठी झाली. सुका कांदा या कोशिंबिरीत घालू नये, तो उग्र होतो आणि पाणीही सोडतो, पातीचा घ्यावा. तो मिळाला नाही, तर कांदाच वगळावा.

आता कृती. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. गड्डा उभा दुभागून आतील टणक देठ काढावा आणि कोबी शक्य तितका बारीक, लांब चिरावा. चिरलेला कोबी थंड पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा. पेशी पाणी पितात आणि मरगळलेला कोबीही पुन्हा करकरीत होतो. मग तो चाळणीत पूर्ण निथळू द्यावा, स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडा करावा. ही पायरी गाळू नये. ओला कोबी नूडल्सचा वैरी. गाजर तासून जाड किसावे. ढोबळी मिरचीच्या बिया काढून तिच्या काड्या कराव्यात.

कोबी पाण्यात असतानाच कढईत शेंगदाणे खमंग भाजून घ्यावेत, साले काढून पाखडावेत आणि भरड कुटावेत. पीठ करू नये. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. नूडल्स पाकिटातच मुठींनी चुराव्यात, फार बारीक नव्हे, पेराएवढे तुकडे राहतील असे. त्याच कढईत अर्धा लहान चमचा तेल टाकून मंद आचेवर चार-पाच मिनिटे त्या परताव्यात. रंग बदामी झाला की लगेच ताटात पसराव्यात. कढईत ठेवल्यास स्वतःच्याच उष्णतेने करपतात. पाकिटातील मसाल्याची पुडी या कोशिंबिरीत घालू नये. तिच्यात मीठ पुष्कळ असते आणि तिची चव फोडणीला उभे राहू देत नाही. मुलांचा आग्रहच असेल, तर चतुर्थांश पुडी घालावी आणि तेवढे मीठ कमी करावे.

पानांची तयारी झाल्यावर मोठ्या पातेल्यात कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात एकत्र करावी. फोडणी करून, दोन मिनिटे निवू देऊन तीवर ओतावी आणि हलक्या हाताने साऱ्या भाजीला तेल लागेल असे कालवावे. मग कूट, तीळ, कोथिंबीर. लिंबाच्या रसात साखर आणि मीठ विरघळवून ठेवलेले असावे. ते माणसे पानावर बसल्यावर ओतावे, आणि सर्वांत शेवटी नूडल्स. यापुढे वाढप्याला दहा मिनिटांची मुदत आहे. वृद्धांना आणि दातांचा त्रास असलेल्यांना मात्र त्यांच्या वाट्याची कोशिंबीर पाव तास आधीच कालवून ठेवावी; तेव्हा नूडल्स लिंबाचा रस पिऊन मऊ होतात आणि चव तीच राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच नूडल्स कोरड्या खाण्याजोग्या नसतात. चिनी पद्धतीच्या पदार्थांसाठी ‘हक्का’ नावाने मिळणाऱ्या आणि उकडूनच वापरावयाच्या नूडल्स तशाच चुरून घालू नयेत. आधीच शिजवून तळलेल्या झटपट नूडल्सच येथे चालतात. ज्या घरांत पाकीट आणावयाचे नसेल, त्यांनी तीन-चार कुरडया तळून हाताने चुराव्यात अथवा बारीक शेवया गरम तेलात क्षणभर तळून घ्याव्यात. प्रमाणाचाही विवेक असावा. पाच माणसांत एक पाकीट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन चमचे. भाजी हा राजा आणि नूडल्स त्याचे भालदार. भालदारांनीच सिंहासन बळकावले, तर ती कोशिंबीर न राहता मधल्या सुट्टीतील चुरा होईल.

हा पदार्थ आमच्या घरी प्रथम झाला तेव्हाची एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. कारण हा लेख लिहिण्याची बुद्धी तिच्यातूनच झाली. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा सातवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्र तेलुगू आणि उर्दू बोलणारे. मराठी त्याला कळते, पण उत्तर देताना वाक्याचा निम्मा भाग दुसऱ्या भाषेत जातो. आमच्या मातोश्री नांदेड जिल्ह्यातील. वय ऐंशीच्या पुढे गेले असून त्यांचा बराचसा वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून जातो. त्या दिवशी नूडल्सच्या ओढीने हा मुलगा आपण होऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आजी, मी कॅबेज कट करू?”

“कट काय करतोस रे? कोबी चिर,” त्या म्हणाल्या.

“अन् गाजर? तेपण चिरू?”

“गाजर आधी तास. मग किस. चिरायचं नसतंय ते.”

पुढील पंधरा मिनिटे आम्ही वर्तमानपत्र समोर धरून ऐकत होतो. कोथिंबीर निवड आणि खूड. मिरची ठेच. दाणे भाज, सोल, पाखड, कूट. लिंबू पीळ. कोबी निथळू दे. नूडल्स चूर, कुस्करू नको. मुलाने विचारले की, चुरणे आणि कुस्करणे यांत फरक काय? मातोश्रींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “कोरडं चुरायचं, मऊ कुस्करायचं. पापड चुरतेत, पोळी दुधात कुस्करतेत.” मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या आम्हांस हा भेद इतक्या थोडक्या शब्दांत सांगता आला असता, असे वाटत नाही. जेवावयास बसल्यावर मातोश्रींनी तो पदार्थ निरखून पाहिला, कोणत्या बाजूला वाढायचा असे विचारणाऱ्या नातवाला डावीकडे बोट दाखवले, आणि आपल्या वाट्याचा थोडा वेळ भिजू द्यावयास सांगितला. निकाल लागला तो एवढाच. आमच्या घरी नूडल्सना डाव्या बाजूचे नागरिकत्व मिळाले.

आम्ही मोजून पाहिले. एका कोशिंबिरीत, फोडणी धरून, वीसच्या आसपास क्रियापदे लागतात. नामे उसनी घेता येतात. कॅबेज म्हटले काय आणि कोबी म्हटले काय, भाषेचे फारसे बिघडत नाही, आणि कोबी हाही एके काळचा उसनाच शब्द, हे आपण वर पाहिले. क्रियापदांचे तसे नाही. चिरणे, किसणे, तासणे, ठेचणे, कुटणे, खुडणे, चोचवणे या सात कामांना आज आपली मुले ‘कट करणे’ हा एकच शब्द वापरतात. सात शब्दांच्या जागी एक आला, की सहा शब्दच जातात असे नाही. सात कामांतील फरक ओळखणारी नजरही जाते. विळीवर बसून काकडी चोचवताना जिने कोणाला पाहिलेच नाही, तिला चोचवणे हा शब्द शब्दकोशातून समजणार नाही. शेजारच्या तेलुगू घरात विळीला ‘कत्तिपीट’ म्हणतात. तेथेही ती माळ्यावर गेली आहे, आणि तिच्याबरोबर त्यांचेही काही शब्द गेले असतील.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे नुकसान तितकेसे जाणवणार नाही. तेथे शाळा आहे, रस्त्यावरची पाटी आहे, बसमधील वाहक आहे. आपली स्थिती निराळी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि मुसीच्या काठी राहिलेले आपण मराठी लोक अल्पसंख्य झालो. चादरघाटचा पूल ओलांडून कोठी-सुलतानबाजारकडे गेले की मराठी ऐकू येई, तीही आता पूर्वीइतकी येत नाही. मुले तेलुगू शिकतात. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत ती आवश्यक झाली, आणि ज्या भूमीत राहावयाचे तिची भाषा आली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. हिंदी आणि इंग्रजी त्यांना सोडता येत नाहीत. अशा वेळी मराठीला वेळापत्रकात तास मिळणार कोठून? तो घरातच काढावा लागेल, आणि घरातही बैठकीच्या खोलीत नव्हे. तेथे दूरदर्शन संच आणि हातातील दूरध्वनी यांचे राज्य आहे. तास शिल्लक आहे तो स्वयंपाकघरात, जेवणापूर्वीच्या पंधरावीस मिनिटांत.

‘चला, आता मराठी शिकू’ असे म्हणून मुलांना बोलावले, तर ती येणार नाहीत, हे तीस वर्षांच्या अनुभवावरून आम्ही सांगू शकतो. नूडल्सचे पाकीट मुठीने चुरावयास बोलावले, तर धावत येतील. आल्यावर हाती कोबी द्यावा. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही द्यावा. कोशिंबीर ही केवळ मुलींनी शिकण्याची विद्या नव्हे. काम सांगताना योग्य क्रियापद वापरावे, चुकल्यास रागावू नये, तेच क्रियापद पुन्हा एकदा उच्चारावे. घरात आजी असतील, तर हे अध्यापन त्यांच्याकडे सोपवावे. त्यांच्याइतका शब्दसंग्रह आमच्यासारख्या पदवीधरांपाशीही नाही. नसतील, तर आपल्याला आठवतील तितके शब्द आपण वापरावेत. आठवडाभर रोज एक क्रियापद म्हटले, तरी सात होतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ‘कट करणे’ याऐवजी वापरला जाणारा आणि वर न आलेला एखादा शब्द असेल, तर तो आम्हांस अवश्य कळवावा. लातूरकडचा असो, विदर्भातला असो वा तंजावरच्या मराठी घरातला. पुढील अंकात आम्ही अशा शब्दांची यादी याच पानावर देऊ. तोवर कोबी बाजारात आहेच. गड्डा घ्यावा तो हाताला जड लागणारा, आणि चिरावा तो पोरांना सोबत घेऊन.